आधी मजकूर, मग कात्री

मागच्या अंकात आपण हातानं केलेली शुभेच्छाकार्डं आणि गिफ्ट टॅग यांच्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं आणि खरंच भरभरून पत्रं आली, नागपुरातून तर आलीच पण उमरेड, काटोलकडूनही आली. सगळ्यांना जागा देणं शक्य नाही म्हणून मुख्यतः जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. बहुतेकांनी कागद कोणता, गोंद कोणता, लेस कुठं मिळते हे विचारलंय आणि आत काय लिहायचं हे मात्र एकानंच विचारलं. माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते.

ताई, माझे बाबा या महिन्यात वेकोलीतून (वेस्टर्न कोलफिल्ड्स, कोळसा कंपनी) रिटायर होऊन राह्यले. आई म्हणते कार्ड तू बनव. ड्रॉइंग माझं बरं आहे पण आत काय लिहू तेच समजून नाही राह्यलं. नेटवरचे मेसेज सगळे सारखेच वाटतात. (कॉलेजचा विद्यार्थी, प्रतापनगर)

अरे, कार्डशीटला हातच लावू नको अजून. एक रफ कागद घे आणि बाबांच्या नोकरीबद्दल तुला जे आठवतं ते लिहीत जा, छान छान शब्द नकोत, घडलेल्या गोष्टी पाहिजेत. फर्स्ट शिफ्ट असली की घरात काय व्हायचं, पगाराच्या दिवशी हातात काय असायचं, कोणत्या वेळी त्यांनी सुट्टी टाकली होती, कोणत्या वेळी मिळाली नव्हती. त्यातली एकच निवड. "तुम्ही आमच्यासाठी खूप कष्ट केले" हे वाक्य कोणाच्याही बाबांना देता येतं, पण "माझ्या दहावीच्या पहिल्या पेपरला तुम्ही नाईट करून आलात आणि न झोपता मला सेंटरवर सोडलं" असं काही तुझ्या आठवणीत असेल तर ते जगात एकाच माणसाला देता येतं. चार-पाच ओळी पुरे. आणि घरी जसं बोलता तसंच लिही, घरी अहो-जाहो असेल तर अहो-जाहो, अरे-तुरे असेल तर अरे-तुरे, मुद्दाम पुस्तकी भाषा आणू नको.

मजकूर ठरला की मग कार्डाचा साइज ठरव, आधी नाही. लोक आधी फुलं-पानं काढून ठेवतात आणि मग दोन इंच जागेत अक्षरं कोंबतात. पेन्सिलनं एकदम हलक्या रेघा मार, आपल्या लिपीत शिरोरेघ वर असते आणि अक्षरं तिच्याखाली लटकतात म्हणून ती वरची रेघ सरळ असली की अर्धं अक्षर तिथंच सुधारतं. शाई पूर्ण वाळल्याशिवाय खोडरबर फिरवायचा नाही. चित्रासाठी मजकुरातलीच एखादी वस्तू घे, डबा, स्कूटर, जे असेल ते.

जाड कार्डशीट मधोमध दुमडली की घडीवर रंग फुटतो आणि आतलं पांढरं दिसतं. महागाचा कागद आणला तरी तेच, असं काहून होते? (गृहिणी, मनीषनगर)

याचं कारण किंमत नाही, दिशा आहे. मशीनवर कागद बनताना लगदा पळत्या जाळीवर पडतो आणि त्यातले बरेचसे तंतू जाळी पळते त्याच दिशेनं लागतात, म्हणून प्रत्येक कागदाला एक उभी दिशा असते. घडी त्या दिशेला समांतर घातली तर ती गुळगुळीत पडते, आडवी घातली तर तंतू मोडतात आणि वरचा रंग फुटतो. ओळखायचं कसं तर शीट हातात घेऊन घडी न पाडता नुसती वाकवून बघा, एकदा लांबीकडून, एकदा रुंदीकडून. ज्या बाजूनं सहज वाकते तीच घडीची बाजू. एकाच दुकानातल्या दोन शीट वेगळ्या दिशेनं कापलेल्या असू शकतात म्हणून दर वेळी बघायचं.

दुसरं, नुसतं दुमडायचं नाही, आधी खाच पाडायची. संपलेली बॉलपेनची रिफिल किंवा विणकामाच्या सुईचं टोक घ्या, स्टीलची पट्टी घट्ट धरा आणि एकदा, मग परत एकदा ओढा. आणि आता इथं लक्ष द्या, खाच ज्या बाजूनं पाडली ती बाजू कार्डाच्या बाहेर ठेवायची. पुष्कळ जणी उलटं करतात, खाचेत दुमडतात. खाच पाडली की मागच्या बाजूनं कागद थोडा उचलला जातो आणि तो उंचवटा घडीच्या आत गेला की बाहेरच्या तंतूंवर ताण कमी पडतो.

तिसरं म्हणजे जाडी. आपला झेरॉक्सचा कागद 70 ते 80 जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तितक्या ग्रॅमचा असतो, कार्डाला 220 ते 300 लागतो. घेताना कागदाचा कोपरा थोडा फाडून दाखवा म्हणा, रंग आतपर्यंत एकच असेल तर घडीवर पांढरं दिसायचा प्रश्नच येत नाही, नुसता वरून रंगवलेला असेल तर कितीही सांभाळा, कधी ना कधी दिसणारच.

घरात जुन्या लग्नपत्रिकांचा ढीग आहे. टॅग छान होतील पण प्रत्येकीवर गणपती आहे, त्याच्यावर कात्री चालवायला मन होत नाही. टाकवतही नाही. (काकू, महाल)

काकू, हा प्रश्न किती घरांत असेल विचार करा, आणि मन होत नाही यात काहीच चूक नाही. मी असं करते, गणपतीभोवती बोटभर मोकळी जागा ठेवून तो पूर्ण चौकोन अखंड कापून घ्यायचा, म्हणजे कात्री चित्रावर चालतच नाही. हे चौकोन मुंजीच्या, वास्तूच्या, नवीन दुकानाच्या कार्डावर मधोमध लावायचे, अशी कार्डं लोक जपून ठेवतात. पण देवाचं चित्र टॅगला मात्र लावू नका. टॅग शेवटी सुतळीसकट केरात जातो, मग ज्याच्या घरी गेला त्याच्यावर तोच प्रश्न येऊन पडतो.

उरलेल्या भागाचे टॅग करा, वेलबुट्टीच्या कडा तर सोन्यासारख्या असतात. नवरा-नवरीची नावं असलेली बाजू दुसरा कागद लावून झाका, कोणाचं नाव दुसऱ्याच्या भेटीवर बरं दिसत नाही. चकचकीत लॅमिनेशनवर फेविकॉल धरत नाही, तिथं आधी बारीक पॉलिश पेपर हलकाच घासा किंवा सरळ डबल टेप वापरा. लिहायला परमनंट मार्कर. आणि पत्रिकेचं पाकीट फेकू नका, त्याचे चिकटवलेले भाग हळूच सोडवून पूर्ण उघडा, हव्या त्या साइजच्या पाकिटाचा नमुना घरातच मिळतो.

हातकागदावर जेल पेननं लिहिलं की शाई पसरते. आणि हा कागद आपल्या भागात होतो का? (शिक्षिका, शंकरनगर)

आपल्या भागाचा आणि हातकागदाचा संबंध तर जुना आहे. 1934 साली गांधीजींनी वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू केला, गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघायचे आणि संघाच्या तिथल्या जागेत, मगनवाडीत, जे उद्योग चालले त्यात हातकागद होता. आजही मुलांना वर्ध्याला नेलं तर मगन संग्रहालय नक्की दाखवा. बाकी दौलताबादजवळ कागजीपुरा आहे, गावाच्या नावातच कागद आहे, आणि पुण्यात शिवाजीनगरला 1940 पासूनची हातकागद संस्था आहे. हा कागद बहुतेक सुती चिंध्यांपासून होतो, शिलाईच्या कारखान्यातली कातरण वगैरे, झाड तोडावं लागत नाही.

शाई पसरते कारण कागदाला खळ कमी असते. जुने कागदी लोक कागदाला खळ देऊन वरून गुळगुळीत दगडानं घोटायचे, म्हणून पोथ्यांची अक्षरं अशी रेखीव दिसतात. घरी तेच छोट्या प्रमाणात होतं. एक वाटी पाण्यात एक चमचा मैदा किंवा तांदळाची पिठी कालवून गुठळी न होऊ देता शिजवा, पारदर्शक दिसायला लागली की उतरवा, गार करून गाळा आणि रुंद ब्रशनं अगदी पातळ हात फिरवा. वाळली की स्टीलच्या वाटीचा बूड घासून घोटा. एवढी खटपट नको असेल तर वेगळ्या साध्या कागदावर लिहून तो तुकडा हातकागदावर लावा, तेही सुंदर दिसतं. जेल पेन टाळा, बॉलपेन किंवा पिगमेंट शाईचं पेन चालेल.

आणि हातकागदाच्या त्या खडबडीत कडा कात्रीनं सरळ करू नका हो, मला फार वाईट वाटतं. तुकडा पाहिजे असेल तर पट्टी ठेवून ओल्या ब्रशनं रेघ मारा, दोन मिनिटं थांबा आणि हळूच फाडा, तशीच कड मिळते.

मे महिन्यात लग्नाचे टॅग करायला घेतले, दुपारी कूलरसमोर बसून केले तर सगळे वाकडे झाले. (धंतोली)

45 डिग्रीत कूलर बंद करा असं कोण म्हणेल, पण कूलरची हवा ओली असते आणि कागद ती ओढून घेतो. वर एकाच बाजूला फेविकॉल लावला की ती बाजू आधी फुगते आणि वाळताना आखडते, कागद तिकडेच वळतो. म्हणून गोंद कमी, सगळीकडे सारखा, शक्यतो ग्लू स्टिक, आणि चिकटवल्या चिकटवल्या जाड पुस्तकांच्या खाली रात्रभर. सजावटीचा कागद एका बाजूला लावला असेल तर मागूनही तसाच पातळ कागद लावा, दोन्हीकडून ताण सारखा राहतो. तयार टॅग प्लास्टिकच्या डब्यात बंद.

तान्ह्या पोळ्याला सोसायटीतली पोरं लाकडी बैल घेऊन येतात, त्यांच्या खाऊच्या पाकिटांना टॅग माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या हातून करायचे आहेत. कटर देता येत नाही. (नंदनवन)

भेंडी द्या तिच्या हातात! जून भेंडी आडवी कापली की फूल तयार. कापलेला भाग आधी कपड्यानं पुसा, आत चिकटपणा असतो, आणि पोस्टर कलरमध्ये बुडवू नका, ओल्या स्पंजवर घट्ट रंग पसरून त्याच्यावर दाबा. बैल पाहिजेच असेल तर अर्ध्या बटाट्यावर तुम्ही कोरून द्या, नुसतं शिंगांचं तोंड कोरलं तरी पोरं ओळखतात. दिवस पावसाचे असतात म्हणून ठसे आदल्या दिवशीच करून पंख्याखाली वाळवा. टॅगवर खाऊ घ्यायला येणाऱ्या प्रत्येक पोराचं नाव असू द्या, तिला लिहिता येत नसेल तर ती सांगेल तसं तुम्ही लिहा. नाव चुकवू नका, पोरं तेच आधी बघतात.

फराळाच्या डब्यांना टॅग लावले तर तेलकट होतात. (बरेच जण)

डब्याला चिकटवू नका, सुतळीनं बाहेर लटकवा. भोक पाडल्यावर दोन्हीकडून कागदाची गोल टिकली लावली की फाटत नाही. मागच्या बाजूला कधी केलं ते आणि शेंगदाणे, काजू, तीळ काय आहे ते लिहा, कोणाला ॲलर्जी असते. चमकी बिलकुल नको, ती खाण्यात जाते.

माझ्या सासूबाई संक्रांतीला कार्डात हलव्याची पुडी घालून पोस्टानं पाठवायच्या. मुलगी पुण्याला होस्टेलवर आहे, तिला तसंच पाठवायचं आहे. पोस्टात नीट जाईल का? (उमरेड)

जाईल, फक्त वजन आणि जाडी सांभाळा. पत्राच्या तिकिटाचा पहिला टप्पा 20 ग्रॅमचा असतो, पुढं जास्त तिकीट लागतं. वजन काढायला तराजू नको, ए-फोर कागद एका चौरस मीटरचा सोळावा भाग असतो म्हणून जीएसएमला 16 नं भागा. 300 जीएसएमची पूर्ण ए-फोर शीट साधारण 19 ग्रॅम भरते, पाकीट धरलं की गेलं 20 च्या वर. तीच शीट अर्धी कापून दुमडली तर कार्ड साडेनऊ ग्रॅमच्या आत राहतं, पाकिटाचे चार-पाच धरा, हलव्याला पाच ग्रॅम उरतात, म्हणजे चिमूटभर. ते कार्ड 105 बाय 148 मिलिमीटरचं होतं, त्याला 114 बाय 162 चं पाकीट बरोबर बसतं.

काटेरी हलवा एका जागी ढीग करून ठेवला तर शिक्का मारताना चुरा होतो. बटरपेपरची चपटी पुडी करा, हलवा एका थरात पसरवा, चारी कडा टेपनं बंद करा म्हणजे मुंग्या लागणार नाहीत, आणि कार्डाच्या आतल्या पानावर खालच्या भागात लावा, तिकीट वरच्या कोपऱ्यात येतं त्याच्यापासून लांब. तिळाचा लाडू मात्र पाकिटात घालू नका, तो वेगळ्या डब्यातून पार्सलनं पाठवा. संक्रांतीच्या आठ-दहा दिवस आधी टाका आणि होस्टेलचा पत्ता पिनकोडसकट तिच्याकडून परत एकदा विचारून घ्या. आत सासूबाईंची ही पद्धत होती हे दोन ओळींत जरूर लिहा, मुलीला कदाचित माहीतही नसेल.