दहावी करून डॅलसला येणाऱ्या मुलीची एसएटी

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगी पुण्यात दहावी करून ऑगस्टात डॅलसला अकरावीत येणार, तर निघायच्या आधी तिथेच एसएटीचा (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचा) क्लास लावावा का. माझ्या मते पैसे घालवू नका. आमचा मुलगा नववी करून आला तेव्हा मीपण डोक्यात जेईई धरून बसलो होतो, उगाच.

ही परीक्षा वर्षात सात-आठ वेळा असते, परत परत देता येते आणि बरीच कॉलेजं वेगवेगळ्या वेळचा प्रत्येक भागाचा बेस्ट स्कोर धरतात. एकूण 1600, त्यात 800 गणित, 800 रीडिंग-रायटिंग, सव्वादोन तासांत खेळ खल्लास, सगळं लॅपटॉपवर ब्लूबुक ॲपमध्ये. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणजे प्रश्न कोरा सोडायचाच नाही. प्रत्येक भागाचे दोन तुकडे, पहिला चांगला गेला तर दुसरा अवघड येतो, तेव्हा दुसरा जड गेला म्हणून रडत बसायचं नाही.

गणित तिला जमेल, बरंचसं आपल्या नववी-दहावीचंच, शिवाय स्क्रीनवर डेस्मॉस कॅल्क्युलेटर असतो (तो आधी शिकून घ्या, आमचे चिरंजीव सगळं हातानेच सोडवायचे नि वेळ संपायचा). गाडी अडते ती इंग्रजीत. मुलगा इंग्लिश मीडियमचा असूनही पहिल्या सराव परीक्षेत गणित 740 आणि इंग्रजी 560! छोटासा उतारा, त्यावर एकच प्रश्न, कधी शेवटचं वाक्य कुठलं तर्काला धरून बसतं ते निवडायचं. आपल्याला उताऱ्यातलं वाक्य उचलून उत्तरात उतरवायची सवय, इथे चारही पर्याय बरोबरच वाटतात. सेमीकोलनवरून तर आमच्या जेवणाच्या टेबलावर भांडणं झालीयत. खान अकॅडमीची वेबसाइट फुकट आहे, ब्लूबुकमध्ये पूर्ण सराव परीक्षाही आहेत, आम्ही तेवढ्यावरच भागवलं.

ऑक्टोबरात शाळेत पीएसएटी, म्हणजे एसएटीची छोटी पूर्वपरीक्षा, होईल. अकरावीतल्या स्कोरवर नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीची निवड ठरते; त्याला पूर्वी नागरिकत्व नाहीतर ग्रीनकार्ड किंवा निदान त्याचा अर्ज लागायचा, आता अमेरिकेतल्या शाळेत शिकणाऱ्यांना ती अट नाही. तरी तिच्यावर त्याचं टेन्शन नको, सराव म्हणून देऊ दे.

कॉलेजांचं म्हणाल तर कोविडात बऱ्याच जणांनी स्कोरची सक्ती काढली, तेव्हापासून सगळा घोळ आहे. टेक्सासच्याच यूटी ऑस्टिन विद्यापीठाने 2024 मध्ये स्कोर परत सक्तीचा केला, एमआयटीने त्याच्या आधीच, आणि कॅलिफोर्नियाच्या यूसी या सरकारी विद्यापीठाची कॉलेजं प्रवेशासाठी स्कोर बघतच नाहीत. तेव्हा आधी यादी करा, मग धावपळ.

आणि क्लासपेक्षा महत्त्वाचं म्हणजे नववी-दहावीच्या मार्कशीट शाळेच्या सही-शिक्क्यानिशी बरोबर आणा. इथे जीपीए (सगळ्या वर्षांच्या ग्रेडची सरासरी) नववीपासून धरतात. आमच्याकडे नववीची नव्हती, जुन्या शाळेकडून ती यायला अडीच महिने लागले आणि तोवर काउन्सेलरने पोराला त्याने आधीच केलेल्या गणितात परत बसवलं.