गोल्फच्या सरावात मॅटवर (कृत्रिम गवताच्या चटईवर) ७ नंबरचं आयर्न (धातूच्या पात्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) छान लागतं, पण गवतावर कधी आधी माती उडते तर कधी बॉलच्या डोक्यावर बसतं. डिव्हॉट (क्लबने गवताची चकती निघून पडणारा खड्डा) बॉलच्या पुढे पडावा म्हणून काय करू?

मॅटवर छान लागतं यावर फारसा भरवसा ठेवू नका. क्लब बॉलच्या चार-पाच सेंटिमीटर मागे टेकला तरी खालच्या रबरावरून सोल (क्लबच्या डोक्याची खालची बाजू) घसरतो आणि बॉलपर्यंत पोचतो. फटका थोडा कमी जातो, आवाज जरा बद्द येतो, एवढंच. तोच स्विंग गवतावर केला की क्लब मातीत रुततो. म्हणजे चूक मॅटवरही होतेच आहे, फक्त झाकली जाते.

फॅट (आधी माती लागणारा) आणि थिन (बॉलच्या कमरेवर किंवा त्याहून वर बसणारा) या दोन्ही फटक्यांचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. स्विंगच्या कमानीचा सर्वांत खालचा बिंदू, त्याला आपण तळ म्हणू, बॉलच्या मागे पडतो. त्या वेळी उंची जागच्या जागी राहिली तर आधी माती लागते. शरीर किंचित वर उठलं, किंवा माती चुकवायला हात आखडले, तर क्लब तळ ओलांडून वर येताना बॉलच्या कमरेवर किंवा डोक्यावर बसतो. म्हणून ‘माती लागते म्हणून जरा वरून मारतो’ हा उपाय केला की पुढचा फटका टॉप होतो, म्हणजे बॉलच्या डोक्यावर बसतो.

चांगल्या खेळाडूचा ७ नंबरचा क्लब बॉलला लागतो तेव्हा साधारण ४ अंशांनी खाली उतरत असतो आणि तळ बॉलच्या जवळजवळ १० सेंटिमीटर पुढे, लक्ष्याच्या बाजूला असतो. पण कमान एवढी मोठी असते की या १० सेंटिमीटरमध्ये क्लब जेमतेम तीन-चार मिलिमीटर खाली जातो. त्यामुळे जमीन खणायचा प्रयत्न करू नका. पोळीच्या जाडीची चकती निघाली तरी पुरे. काही उत्तम खेळाडूंचं तर नुसतं गवत घासलं जातं. डिव्हॉट किती खोल आहे यापेक्षा तो कुठे सुरू होतो ते बघा.

आता उभं राहण्याबद्दल (उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहितोय, डावखुऱ्यांनी बाजू उलटी धरावी). वेजसाठी (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबसाठी) बॉल दोन्ही पावलांच्या मधोमध, ७ नंबरला एक बॉल डावीकडे, ५ नंबरला साधारण दोन. वजन डाव्या पायावर थोडं जास्त, ५५ टक्क्यांच्या आसपास. ग्रिपचं (क्लबच्या मुठीचं) टोक डाव्या मांडीच्या आतल्या बाजूकडे, म्हणजे हात बॉलच्या किंचित पुढे. याहून पुढे रेटू नका. शाफ्ट (क्लबचा दांडा) फार झुकवला की लीडिंग एज (क्लबच्या डोक्याची खालची पुढची कड) कुऱ्हाडीसारखी जमिनीत घुसते.

तळ मागे राहण्याची कारणं मला प्रामुख्याने तीन वाटतात. पहिलं, बॅकस्विंगमध्ये (क्लब मागे नेताना) कंबर उजवीकडे सरकते आणि परत येतच नाही. कंबर जागेवर वळायला हवी. खाली येताना पट्ट्याचं बक्कल आधी थोडं डावीकडे जातं आणि मग वळतं. बॉल लागतो त्या क्षणी बहुतेक वजन डाव्या पायावर आणि छातीचं हाड बॉलच्या वर किंवा जरासं पुढे हवं. दुसरं, मनगटं लवकर सुटतात, गळ टाकतात तशी. मग क्लबचं डोकं हातांच्या पुढे निघून जातं. तिसरं कारण मनातलं, आणि नवशिक्यांत सगळ्यात चिवट: बॉल ‘उचलायचा’ मोह. ७ नंबरला तीस-एक अंशांचा लॉफ्ट (क्लबच्या तोंडाचा मागे कललेला कोन) असतो, बॉल वर न्यायचं काम तो करतो. तुम्ही उजव्या पायावर रेलून मदत करायला गेलात की तळ मागे गेलाच.

सरावासाठी रेघ ओढणं याहून चांगलं काही मला माहीत नाही. सरावाच्या गवतावर, परवानगी घेऊन, रांगोळीची किंवा खडूच्या भुकटीची मीटरभर रेघ लक्ष्याच्या दिशेला काटकोनात ओढा. जिथे बॉल ठेवला असता तिथे रेघ येईल असे उभे राहा आणि बॉल न ठेवता अर्धा स्विंग करा. खूण रेघेवर किंवा रेघेच्या डावीकडे सुरू झाली पाहिजे. प्रत्येक स्विंगनंतर एक पाऊल पुढे सरका. दहापैकी आठ खुणा बरोबर पडेपर्यंत बॉल ठेवू नका. मॅटवर टाल्कम पावडरची रेघ चालते, पावडर कुठून पुसली गेली ते दिसतं. सरावाच्या बंकरमधली (वाळूच्या खड्ड्यातली) वाळू तर फारच प्रामाणिक असते. (खेळताना मात्र बंकरमध्ये सरावाच्या स्विंगने वाळूला स्पर्श केला तर दंड बसतो.)

त्यानंतर बॉलच्या मागे १५ सेंटिमीटरवर घडी केलेला नॅपकिन ठेवून ९ नंबरने अर्धे फटके मारा. नॅपकिन हलला तर तळ अजून बराच मागे आहे. तरीही वजन मागेच राहत असेल तर उजव्या पायाचा फक्त चवडा टेकवून, जवळजवळ डाव्या पायावर उभं राहून मारा. जोर लावू नका, तोल जाईल.

डिव्हॉट वाचायलाही शिका. खड्डा क्लबच्या टोकाकडे जास्त खोल असेल तर लाय अँगल (शाफ्ट आणि जमीन यांच्यातला कोन) तुमच्यासाठी सपाट असू शकतो, टाचेकडे (शाफ्टच्या बाजूला) खोल असेल तर जास्त उभा. पण क्लब वाकवून घेण्याआधी उभं राहणं आणि हातांची उंची तपासा. डिव्हॉट लक्ष्याच्या बराच डावीकडे रोखलेला असेल तर स्विंग बाहेरून आत येतोय.

ऋतूचाही फरक पडतो. पावसाळ्यात जमीन मऊ असल्याने थोडासा फॅट फटकाही पूर्ण फसतो. उन्हाळ्यात कडक जमिनीवर सोल उसळतो आणि तीच चूक थिन होऊन दिसते. मे महिन्यात ‘सुधारलेला’ खेळ जुलैत बिघडला असं वाटलं तर एकदा रेघेकडे परत जा.

आणि सराव करताना डिव्हॉट विखरून काढू नका. आधीच्या डिव्हॉटच्या लगेच मागे बॉल ठेवत एकच पट्टा करा, गवत कमी जातं आणि लवकर भरतं. आपल्याकडच्या कोर्सवर बहुधा हरळी असते. तिची निघालेली चकती परत लावली तरी बहुतेक वाळून जाते. खड्ड्यात वाळू भरून पायाने सपाट केलीत तर कडेची हरळी धुमारे टाकत आत येते.