वाचकांचे प्रश्न : टोपलीत शिजणारी पेज

प्रश्न : माझ्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी कॅलिफोर्नियातील योकुट लोकांचा विषय घेतला आहे. हे लोक ओकच्या झाडाची फळे दळून टोपलीत शिजवत असत, असे तिने वाचले. टोपली जळत कशी नसे? आणि ही फळे तर कडू असतात ना?
– एक पालक, ऐरोली

उत्तर : टोपली जळत नसे, कारण ती चुलीवर चढतच नसे. विस्तवात लाल होईपर्यंत तापवलेले दगड काढून, त्यांची राख पाण्यात झटकून, ते टोपलीतल्या पिठाच्या पाण्यात सोडत आणि लाकडी दांड्याने सतत ढवळत राहत. एकाच जागी दगड टेकला तर बूड करपेल, म्हणून हात थांबवून चालत नसे. थोड्याच वेळात पेज रटरटू लागे. गवताच्या काड्यांची जुडी गोल गोल फिरवत, लव्हाळ्याच्या जातीतल्या वनस्पतीच्या मुळांच्या चिवट धाग्यांनी ती इतकी घट्ट शिवलेली असे, की भिजल्यावर फुगून टोपलीतून पाणी गळत नसे. त्यांच्या टोपल्यांवर खुळखुळ्या सापाच्या पाठीवरची चौकटनक्षी आढळते. मुलीने ती जरूर रेखाटावी.

फळे कडू असतात हे खरे. हिरड्याला तुरटपणा देणारे टॅनिन त्यांतही असते. शरद ऋतूत गोळा करून वाळवलेली फळे बायका कातळातल्या उखळांत कुटत, पीठ वाळूच्या खळग्यात पसरत आणि कडवटपणा जाईपर्यंत त्यावर पुन्हा पुन्हा पाणी ओतत. आपल्या ठाणे-रायगडच्या डोंगरांतले कातकरी कडू कंदांच्या चकत्या उकळून पाण्यात मुरवतात, त्यामागची समज हीच आहे. असे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चाखून, फसून, पुन्हा करून पाहूनच हाती येते, आणि म्हणूनच त्याला ‘आदिम’ म्हणून बाजूला सारणे मला पटत नाही.

सॅन वाकीन खोऱ्यात आणि सिएरा नेवाडाच्या पायथ्याशी या लोकांच्या चाळीसहून अधिक टोळ्या होत्या, प्रत्येकीची बोली वेगळी. ‘योकुट’ या शब्दाचा अर्थ मात्र ‘माणसे’ एवढाच. तुलारे सरोवराकाठच्या ताची टोळीचे जगणे लव्हाळ्यावर उभे होते : घरे, चटया आणि जुड्या बांधून केलेल्या होड्या, सारे त्याचेच. मासे, शिंपले आणि पाणपक्षी सरोवर पुरवी. खाडीकाठच्या मुलीला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रश्न : हे लोक आज आहेत का?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : आहेत. 1833 च्या हिवतापाच्या साथीत खोऱ्यातील गावेच्या गावे ओस पडली, पुढे 1849 पासून सोन्याच्या शोधात आलेल्यांनी जमिनी घेतल्या, आणि शेतीसाठी नद्या वळवल्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तुलारे सरोवरही आटत गेले. तरीही 1873 मध्ये ठरवलेल्या तुले नदीच्या राखीव क्षेत्रात आणि लेमूरजवळच्या सांता रोसा वसाहतीत योकुट आज राहतात. 2023 च्या मोठ्या पावसाने व वितळलेल्या बर्फाने सरोवर पुन्हा भरले, तेव्हा ज्याला ते ‘पाआशी’ म्हणतात त्या पाण्याच्या काठावर जाऊन ताची लोकांनी प्रार्थना केली. ऐरोलीच्या मुलीने प्रकल्पात ‘होते’ न लिहिता ‘आहेत’ लिहावे, ही विनंती.