नवी जोडी लावूनही तीच ईएल३४ लाल होते? तिसरी जोडी मागवू नका

तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं आठवलं. तुम्ही लिहिलंय की ५० वॅटचा ट्यूब अँप आहे, मागून पाहिलं की डावीकडची ईएल३४ (स्पीकरला ताकद देणारी पॉवर ट्यूब) लाल होते, नवी मॅच्ड, म्हणजे सारखा करंट ओढणाऱ्या ट्यूबची, जोडी लावली तरी आठ दिवसांत पुन्हा डावीकडचीच लाल झाली, आणि आता विचारताय की कोणत्या कंपनीची घ्यावी. कंपनीचं नंतर बघू. ट्यूब बदलूनही लाली जागा सोडत नसेल, तर दोष त्या सॉकेटमागच्या सर्किटमध्ये आहे. सर्किट न तपासता नुसती ट्यूब बदलण्याच्या चुकीपायी माझ्या दोन जोड्या गेल्या. दुसरी तर सेवाकेंद्रानं लावली होती, आणि तिथे खालचा पत्राच उघडला नव्हता. ट्यूब बदलली, बिल हातात दिलं, मोकळे झाले. बिघाड शोधायचे पैसेही त्यात लावले होते, हे अजून खुपतं.

तुम्हाला सोल्डरिंग येतं असं धरून लिहितो. तरी एक सांगणं भाग आहे: प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ४००-५०० व्होल्ट राहू शकतात. १० किलोओहम, १० वॅटच्या रेझिस्टरनं ते रिकामे करा, मीटरनं बघा, आकडा १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय आत हात घालू नका. याची सवय नसेल तर काम जाणकाराकडूनच करून घ्या, फक्त खालची मापं त्याच्याकडून मागून घ्या.

आधी दोन्ही ट्यूबची अदलाबदल करा. लाली ट्यूबबरोबर उजवीकडे गेली तर ट्यूब खराब, विषय संपला. डावीकडेच राहिली तर पुढे वाचा. बघायचं काय तेही नीट समजून घ्या. मधल्या फिलामेंटचा नारिंगी उजेड असायलाच हवा, काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तरी चालते. पण राखाडी प्लेटच्या (काचेतल्या बाहेरच्या पत्र्याच्या) मधोमध, शिवणीजवळ, तापल्या तव्यासारखा लाल डाग उमटला की लगेच स्टँडबायचा, म्हणजे ट्यूबचे मोठे व्होल्ट तोडणारा, स्विच दाबा. दहा सेकंदही थांबू नका. आणि काचेवरचा चांदीसारखा चट्टा दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे, ती ट्यूब टाकूनच द्या.

आता खरं काम. दोन्ही ईएल३४ काढा, फेज इन्व्हर्टरची (दोन्ही ईएल३४ ना एकमेकांच्या उलट सिग्नल देणारी) छोटी ट्यूब १२एएक्स७ मात्र जागेवर ठेवा. अँप बंद असतानाच काळा प्रोब चासीला आणि लाल प्रोब ५ नंबरच्या पिनला, म्हणजे करंट आवरणाऱ्या ग्रिडला, क्लिपनं लावा. पिना सोल्डरच्या बाजूनं, खाचेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं मोजायच्या. प्रोब हातात धरून टेकवू नका, कारण शेजारच्याच ४ नंबरवर स्क्रीनचे (ट्यूबमधल्या दुसऱ्या जाळीचे) ४५० व्होल्ट असतात, ट्यूब काढलेल्या असताना त्याहूनही जास्त. टोक जरासं घसरलं तरी नवा बिघाड होतो.

अँप चालू करा, स्टँडबाय उघडा. दोन्ही सॉकेटवर जवळपास सारखेच उणे व्होल्ट (यालाच बायस म्हणतात) यायला हवेत, समजा उणे ३८ आणि उणे ३८. डावीकडे उणे २० आले तर इन्व्हर्टर आणि ग्रिडच्या मधला कपलिंग कंडेन्सर गळतोय. इन्व्हर्टरच्या प्लेटवरचे अधिक व्होल्ट ग्रिडवर झिरपतात, उणे बायस तेवढा कमी होतो, आणि ट्यूबमधून झेपेल त्याहून जास्त करंट वाहतो. हा कंडेन्सर बहुधा ०.०२२ मायक्रोफॅरडचा असतो, अंगावर २२३ लिहिलेलं दिसेल. ओहममीटरवर तो ठणठणीत दिसतो, कारण मीटरच्या बॅटरीचे दोन-चार व्होल्ट त्याला गळवायला पुरत नाहीत. कित्येकदा गळती तापल्यावरच सुरू होते, म्हणून एक माप लगेच घ्या आणि एक वीस मिनिटांनी. तुमची ट्यूब आठ दिवस टिकली, त्यावरून मला याचाच संशय जास्त येतो. पण अँप डोळ्यांनी पाहिलेला नाही, हे लक्षात ठेवा.

आकडा शून्य आला किंवा भरकटत राहिला तर बायस पोचवणारा रेझिस्टर, बहुतेक २२० किलोओहमचा, आतून तुटलाय (ओपन झालाय) किंवा सोल्डरला चीर गेलीय. दोन्हीकडे आकडे बरोबर आणि तरीही लाली येत असेल तर ५ नंबरची पकड सैल असेल, अँप बंद करून सुईनं आवळा.

कपलिंग कंडेन्सर बदलताना दोन्ही बाजूंचे बदला, फिल्मचे, ६३० व्होल्टचे. दुकानदारानं ४०० चा पुढे केला तर घेऊ नका. चालू करताना इन्व्हर्टरची ट्यूब तापेपर्यंत त्याच्यावर पूर्ण सप्लाय पडू शकतो. लाल झालेल्या ट्यूबचा स्क्रीन रेझिस्टरही मोजा, तो बऱ्याचदा भाजलेला असतो.

मग बायस. ८ नंबर पिन आणि ग्राउंडच्या मध्ये १ ओहमचा रेझिस्टर असेल तर १ मिलिव्होल्ट म्हणजे १ मिलिअँपिअर. ईएल३४ च्या प्लेटची मर्यादा २५ वॅट. प्लेटवर ४५० व्होल्ट धरले तर ७० टक्क्यांनी ३९ मिलिअँपिअर येतात. बरेच जण तिथेच ठेवतात, मी ३५ वर थांबा म्हणेन. घरातला सप्लाय २३० चा २५० झाला की ६.३ व्होल्टचा हीटर (फिलामेंट) ६.८५ वर जातो, ६.९ च्या मर्यादेला टेकतो, आणि प्लेटचे व्होल्टही त्याच प्रमाणात चढतात. म्हणून सप्लायही मोजून ठेवा.

कंपनीचं म्हणाल तर जेजे घ्या नाहीतर इलेक्ट्रो-हार्मोनिक्स, दोन्ही चालतील. खोक्यावर जुळणीचा मिलिअँपिअरचा आकडा लिहून देणारा दुकानदार माझ्या मते कंपनीपेक्षा महत्त्वाचा. ‘६एल६ (दुसऱ्या जातीची पॉवर ट्यूब) लाव, तीही बसते’ असं कुणी सुचवेल. बसते, पण बायस पुन्हा लावल्याशिवाय चालवायची नाही. ६एल६ च्या अँपमध्ये ईएल३४ तर मुळीच नको: ईएल३४ चा हीटर ०.९ ऐवजी १.५ अँपिअर ओढतो, ट्रान्सफॉर्मरला ते झेपेलच असं नाही. आणि या भानगडीत सगळ्या १२एएक्स७ बदलू नका. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं एकेकीवर हलकेच टिचकी मारा, जी स्पीकरमधून घंटेसारखी वाजेल तेवढीच बदला.

५ नंबर पिनचे दोन्ही आकडे, थंड असतानाचे आणि वीस मिनिटांनंतरचे, इथे लिहा. तोवर अँपमध्ये नवी ट्यूब घालू नका.