१९८१ च्या आसपासचं बॅलीचं पिनबॉल मशीन घेतलंय, दिवे लागतात पण डिस्प्ले कोरे आणि खेळ सुरू होत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचं काही येत नाही, घरी दुरुस्त करता येईल का? काय काय विकत घेऊ?

येईल. आणि इथल्या बाकी उत्तरांत जे कोणी तुम्हाला सांगतायत की जुना बोर्ड काढून टाका आणि नवीन मागवा, त्यांचं आत्ता अजिबात ऐकू नका. काय विकत घेऊ याचं उत्तर आत्ता तरी एकच, चांगला डिजिटल मल्टिमीटर, बाकी काही नाही. मी बी.कॉम. आहे, पेरोलचं काम करतो, आणि माझ्या बेसमेंटमध्ये बॅलीचं १९८१ चं एट बॉल डिलक्स मूळच्या बोर्डांवर दहा वर्षांहून जास्त चालू आहे. तुमचं लक्षण वाचलं आणि राहवलं नाही, कारण माझ्या मशीनचं हेच होतं, दिवे लागायचे, डिस्प्ले कोरे, बाकी मुडदा.

मी शिकागोजवळ शॉम्बर्गला राहतो. बॅली, विल्यम्स, गॉटलिब, सगळे शिकागोचेच, त्यामुळं इकडच्या जुन्या घरांच्या बेसमेंटमध्ये अशी बंद मशीनं अजून सापडतात. २०१३ ला एका वयस्कर गृहस्थांनी घर विकायला काढलं तेव्हा हे मशीन मी ५०० डॉलरला आणलं. बायको काही बोलली नाही, पण दाजी बोलले. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर, इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर, सगळी नोकरी चिप डिझाइनमध्ये. रविवारी जेवायला आले होते, मागच्या पेटीचं दार उघडलं, पाच मिनिटं बघितलं आणि निकाल दिला की प्रोसेसर गेला. त्यांचं बघणं चुकीचं होतं असं मी म्हणत नाही. या मशीनच्या मेन बोर्डावर, म्हणजे एमपीयूवर, एक छोटा एलईडी असतो, तो चालू केल्यावर क्षणभर लुकलुकून मग सात वेळा मोजून चमकायला पाहिजे. माझा नुसता लागून राहायचा. म्हणजे प्रोसेसर चालतच नव्हता, इतकं बरोबर. पण चालत नाही आणि गेलाय यात फरक आहे की नाही?

त्यांनी ६८०० प्रोसेसर आणि दोन ६८२१ पीआयए, म्हणजे प्रोसेसरला बाकी मशीनशी जोडणाऱ्या चिपा, मागवले, पुढच्या रविवारी बसवले. काही नाही. मग म्हणाले बोर्डच मेलाय, दोन-अडीचशे डॉलरचा नवीन मिळतो तो घे, आणि आपल्या ओळखीच्या एकाकडून तसला नवाकोरा बोर्ड दोन दिवसांसाठी आणलासुद्धा. तो लावला. तोही तसाच! तेव्हा म्हणाले हे भंगार आहे, सुटे भाग वीक आणि मोकळा हो. आणि वर म्हणाले, "तू बी.कॉम. आहेस, हे तुझं काम नव्हे."

आता माझे वडील, अण्णा. कोल्हापुरात गंगावेशीत त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं, मर्फी, बुश, फिलिप्स, आधी व्हॉल्वचे मग ट्रान्झिस्टरचे, पुढं ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. शिक्षण सातवी. मी शाळेतून आलो की दुकानात बसायचो पण मला कधी सोल्डरिंग गन धरू दिली नाही, म्हणायचे तू हिशोबाचं शिक. त्या आठवड्यात मी त्यांना फोनवर हे सगळं सांगितलं, नुसतं मन मोकळं करायला. पिनबॉल म्हणजे काय हे त्यांना मी तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "सप्लाय किती येतोय?" मी म्हटलं पाच व्होल्ट पाहिजे, दाजींनी मोजला, ५.०२ आहे. तर म्हणाले, "कुठं मोजला? जिथनं निघतोय तिथं, का जिथं पोचायचाय तिथं?"

मी फोन चालू ठेवूनच खाली गेलो. या मशीनमध्ये पाच व्होल्ट सोलेनॉइड ड्रायव्हर बोर्डावर, म्हणजे कॉइल चालवणाऱ्या बोर्डावर, तयार होतो आणि तिथल्या जे-३ कनेक्टरमधून वायरनं एमपीयूच्या जे-४ ला जातो. दाजींनी ड्रायव्हर बोर्डावर मोजलं होतं. मी एमपीयूवर टीपी-५ नावाचा टेस्ट पॉइंट आहे तिथं मोजलं. ४.३. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, आधी पोटोबा मग विठोबा, पोटात अन्न नाही आणि तुम्ही डोकं बदलत बसलायसा.

हे मी दुकानात शंभर वेळा ऐकलेलं वाक्य. सात दशांश व्होल्ट मधल्या दोन-अडीच फुटात गायब होत होते आणि त्याच्यापायी तीन आयसी आणि एक अख्खा बोर्ड बदलून झाला होता. ड्रायव्हर बोर्ड काढून मागून भिंगानं बघितलं तर जे-३ च्या पिनांच्या मुळाशी सोल्डरच्या डागाभोवती केसाएवढी गोल चीर, दोन पिनांना तर स्पष्ट. यालाच आपले मेकॅनिक ड्राय सोल्डर म्हणतात. तीसेक वर्षं गरम-गार, गरम-गार, कनेक्टर ओढाओढी, मग डाग सुटणारच. आणि वायरच्या टोकाच्या पत्र्याच्या क्लिपा काळ्या-हिरव्या पडलेल्या, कारण एमपीयूवरची जुनी ३.६ व्होल्टची रिचार्जेबल बॅटरी गळून ते पाणी जे-४ पर्यंत आलं होतं.

हे बॅटरीचं तुम्ही आजच बघा. अजून असेल तर कापून काढा, चालतेय का वगैरे बघत बसू नका. आणि साफ करताना खाण्याचा सोडा लावू नका, इंटरनेटवर निम्मे लोक तेच सांगतात आणि ते मोटारीच्या बॅटरीसाठी आहे. ही निकेल-कॅडमियम, हिच्यातून गळतं ते अल्कली, त्याला पांढरं व्हिनेगर लागतं. व्हिनेगरनं ब्रशनं घासायचं, मग डिस्टिल्ड वॉटर, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि पूर्ण वाळू द्यायचं. जिथं ट्रॅक काळा-हिरवा दिसतो तिथं तांबं चमकेपर्यंत खरवडायचं, नाहीतर वरून कितीही सोल्डर ओता, धरत नाही.

मी आठ दिवस अण्णांच्या सांगण्यावरून एका मेलेल्या रेडिओच्या किटवर डाग द्यायचा सराव केला. ६०/४० चं शिशाचं सोल्डर, तापमान ठरवता येणारी गन आणि जुनं सोल्डर ओढून घ्यायला पंप. मग जुनं सोल्डर पूर्ण काढून जे-३ च्या सगळ्या पिना नव्यानं डागल्या, जे-४ ची पिनांची पट्टी बदलली, वायरच्या क्लिपा क्रिंपिंग पकडीनं नव्या लावल्या. सगळं मिळून साठ-सत्तर डॉलर, त्यात गनच जास्तीची. चालू केलं, टीपी-५ ला ४.९८, आणि एलईडी चमकायला लागला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. आणि थांबला.

पण आता मशीन स्वतःच सांगत होतं काय दुखतंय. प्रत्येक चमक म्हणजे एक तपासणी पास. पहिली रॉमची, दुसरी-तिसरी दोन रॅमची, चौथी-पाचवी दोन पीआयएची, सहावी डिस्प्लेच्या टायमरची, आणि सातवी कॉइलच्या, म्हणजे चेंडू उडवणाऱ्या विद्युतचुंबकांच्या, ४३ व्होल्ट सप्लायची. त्या काळी कोणीतरी विचार करून हे ठेवलंय की उद्या दुरुस्त करणाऱ्याला कळावं, आणि मला याचं फार कौतुक आहे. सातवी नाही म्हणजे परत सप्लायच! कॉइलचा फ्यूज उडालेला होता. नवीन लावला आणि चालू करताच खालून घूं आवाज आणि जळका वास, डावीकडची स्लिंगशॉटची, म्हणजे चेंडू आपटला की त्याला उडवणाऱ्या रबरी पट्टीची, कॉइल ओढून धरलेली. झटक्यात बंद केलं. तिला चालू-बंद करणारा ड्रायव्हर ट्रान्झिस्टर शॉर्ट होता. तो कसा ओळखायचा तर मशीन बंद, मीटर डायोडवर, काळा प्रोब ट्रान्झिस्टरच्या पत्र्याला, लाल बाजूच्या दोन पायांना आळीपाळीनं, चांगला असेल तर ०.४ ते ०.६ दाखवतो, शॉर्ट असेल तर शून्य. मूळचा एसई ९३०२ असतो, त्याच्या जागी टीआयपी १०२ चालतो, दोनेक डॉलरच्या आत. कॉइलवरचा डायोडही बदला, १एन४००४, तो तुटला की नवा ट्रान्झिस्टर परत जातो.

सातवी चमक आली तेव्हा शनिवारची रात्र होती, कोल्हापुरात रविवारची सकाळ. या मॉडेलमध्ये बोलण्याचा बोर्ड आहे, जाड्या काउबॉयी आवाजात मशीन खेळणाऱ्याला डिवचतं. तो आवाज अण्णांनी फोनवर ऐकला. "बोलतंय की!" म्हणाले, आणि लगेच, "व्होल्टेज परत मोज, लोडवर."

दाजी अजूनही चार लोकांत सांगतात की त्याचं नशीब होतं, आणि रेडिओ वेगळा, मायक्रोप्रोसेसर वेगळा. अण्णा २०१९ ला गेले, त्यामुळं हे मलाच सांगावं लागतं. नशीब नाही. पाच व्होल्ट तिथं आहे म्हणजे इथं असणारच, हे गृहीत धरलं ती चूक होती, आणि ती इंजिनिअरनं केली तरी चूकच. ज्याला चाळीस वर्षं गिऱ्हाईकाच्या पैशानं पार्ट बदलायची सोय नव्हती तो माणूस आधी मोजतो. तुमच्या मशीनला बोर्ड सुचवणाऱ्यांपैकी एकानंही तुम्हाला व्होल्टेज विचारलेलं नाही, बघा परत वाचून.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. डिस्प्लेला १९० व्होल्ट जातात, आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये थोडा वेळ राहतात, त्यामुळं चालू मशीनमध्ये मोजताना एक हात खिशात, हा पण अण्णांचाच नियम, व्हॉल्व रेडिओच्या काळातला. कनेक्टर काढणं-घालणं फक्त प्लग काढून. फ्यूज लिहिलाय तेवढ्याच अँपिअरचा, त्याच जातीचा, एक अँपिअरसुद्धा वर नाही, माझ्या मशीनला आधीच्या कोणीतरी मोठा फ्यूज घातला असता तर ती कॉइल पेटली असती. बॅटरीच्या जागी साधे एए सेल लांब वायरवर लावणार असाल तर मध्ये डायोड घालाच, हा बोर्ड बॅटरीला चार्ज करतो आणि साध्या सेलला चार्जिंग चालत नाही. आणि गळतीनं ट्रॅक मुळापासून खाल्ले असतील, आयसीच्या सॉकेटखालीसुद्धा, तर मग नवीन बोर्ड घ्या, त्यात काही चूक नाही, पण ते शेवटी, मोजून झाल्यावर. तुमचं मशीन १९७७ च्याही आधीचं निघालं, आत बोर्डच नाहीत, नुसते रिले आणि स्टेपर, तर यातलं फारसं काही लागू नाही.

तर आज फक्त तीन आकडे काढा. ड्रायव्हर बोर्डावर पाच व्होल्टच्या पॉइंटला किती, एमपीयूच्या टीपी-५ ला किती, आणि एलईडी किती वेळा चमकतो, पहिली लुकलुक धरू नका. मला कळवा, मग पुढचं बघू.