बे एरियातले लोक बेसबॉल आणि कॉलेज फुटबॉलवर इतके वैतागलेले का असतात?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून कंपनीच्या बदलीवर बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतीच्या गावांत, येताय, क्रिकेटचं वेड आहे आणि इथला एखादा खेळ मनापासून बघायची इच्छा आहे. पण टीममधल्या दोघा अमेरिकनांनी सांगितलं, "बेसबॉल आणि कॉलेज फुटबॉल दोन्ही संपलं, नादी लागू नका." हे खरं की म्हाताऱ्यांची कुरकुर, असा तुमचा प्रश्न.

मी मूळचा सांगलीचा, १९९९ पासून फ्रीमाँटमध्ये. दोन्ही नाद मला इथंच लागले. त्यामुळे उत्तर लांबणार, आणि कुरकुर असणारच.

आधी ज्या गोष्टींवर मी चिडलेलो नाही त्या सांगतो, कारण तुमचे सहकारी बहुधा त्याच सांगत बसतील. २०२३ मध्ये बेसबॉलमध्ये पिचरला घड्याळ लावलं. बेसवर (धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यांवर) कोणी नसेल तर पंधरा सेकंदांत चेंडू टाकायला सुरुवात करायची. जुन्या लोकांनी आकाशपाताळ एक केलं. मी म्हणतो, बरं झालं. त्याआधी पिचर चेंडू चोळत बसणार, फलंदाज हातमोज्यांचे पट्टे सोडून पुन्हा बांधणार, आणि २०२१ साली नऊ इनिंगच्या सामन्याला सरासरी तीन तास दहा मिनिटं लागत होती. आता त्यातला अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात खेळ नव्हताच. शोहेई ओतानीला लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघानं दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलर कबूल केले, त्यातले ६८ कोटी करार संपल्यावर द्यायचे ठरले. हा हिशेब माझ्या डोक्यावरून जातो, पण बॉलिंगही तोच करणार आणि षटकारही तोच मारणार, असा माणूस आमच्या हयातीत दुसरा झालेला नाही. मिळू देत त्याला.

मैदानावरची खटकणारी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यात थोडा दोष आमच्याच संघाचा. माझा संघ ओकलंड अ‍ॅथलेटिक्स, लोकांच्या तोंडी ए'ज. २००२ साली न्यूयॉर्क यांकीजचा पगारखर्च साधारण साडेबारा कोटी डॉलर होता, आमचा चार कोटी. पैसा नाही म्हणून आमच्या लोकांनी आकडे धरले. कोण देखणा खेळतो ते सोडा, कोण बेसवर जास्त वेळा पोचतो ते बघा. त्या वर्षी ए'जनी सलग वीस सामने जिंकले. विसावा सामना ४ सप्टेंबरचा, कॅन्सस सिटीविरुद्ध. मी तिथं होतो. सुरुवातीला आम्ही ११-० ने पुढे होतो आणि नंतरही आघाडी मोठीच होती, म्हणून बायको म्हणाली, "चला, उद्या ऑफिस आहे." पार्किंगपर्यंत पोचलो तोवर आतून येणारा आवाज बदलला होता. ११-११. परत आत पळालो. नवव्या इनिंगमध्ये स्कॉट हॅटबर्ग बदली फलंदाज म्हणून आला आणि चेंडू थेट कुंपणापार. पन्नास हजारांवर माणसं. शेजारच्या अनोळखी माणसानं मला उचललं होतं, हे मला खाली आल्यावर कळलं.

तेव्हा आम्ही आकड्यांना टाळ्या वाजवल्या. पुढे तेच आकडे श्रीमंत संघांनीही शिकून घेतले आणि सगळ्यांचा खेळ एकसारखा झाला. षटकार मार, नाहीतर बाद हो, अधलंमधलं काही नको. २०१८ साली मोठ्या लीगच्या (मेजर लीग बेसबॉल, तीस संघांची मुख्य स्पर्धा) इतिहासात पहिल्यांदा एका हंगामात हिट्सपेक्षा स्ट्राइकआउट जास्त झाले. म्हणजे चेंडू मैदानात पडण्यापेक्षा फलंदाज तिथल्या तिथं परत फिरण्याचे प्रसंग जास्त. नऊ माणसं क्षेत्ररक्षणाला उभी, आणि त्यातली सात निम्मा वेळ आभाळ बघतात.

त्याहून वाईट म्हणजे पिचरला मध्येच उठवणं. २०२० च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अंतिम मालिकेचा, सहावा सामना. टँपा बेचा ब्लेक स्नेल डॉजर्सना खेळूच देत नव्हता. नऊ स्ट्राइकआउट, फक्त दोन हिट, संघ १-० ने पुढे. ७३ चेंडूंनंतर मॅनेजरनं त्याला बाहेर काढलं, कारण फलंदाज तिसऱ्यांदा समोर आला की पिचर मार खातो असं आकडे सांगतात. त्याच इनिंगमध्ये डॉजर्स पुढे गेले आणि विजेतेपदही त्यांनीच नेलं. अनिल कुंबळे सहा विकेट घेऊन दिल्लीच्या खेळपट्टीवर उभा आहे आणि कोणीतरी लॅपटॉप बघून त्याला म्हणतंय, "दमलास, बस आता." तसं. १९७५ मध्ये कॅटफिश हंटरनं एका हंगामात तीस सामने एकट्यानं पूर्ण टाकले होते. आता सगळ्या तीस संघांचे मिळून तेवढे होणं मुश्कील.

पण इथवरचं सगळं मी सहन केलं असतं. मी वैतागलो ते दुसऱ्या कारणानं. हे दोन्ही खेळ गावाचे होते. ते गावातून उचलून टीव्हीच्या नकाशावर नेऊन ठेवले.

ओकलंड कोलिसियम हे काही सुंदर मैदान नव्हतं. काँक्रीटचा वाडगा. ड्रेसिंगरूममध्ये गटाराचं पाणी यायचं, गॅलरीच्या खाली रानटी मांजरं फिरायची. पण फ्रीमाँटहून बार्टमध्ये, म्हणजे इथल्या लोकल गाडीत, बसलं की मैदानाच्या दारात. काही वर्षं बुधवारी दोन डॉलरला तिकीट मिळायचं. घरचा चिवडा डब्यात घालून नेला तर कोणी अडवत नसे. उजव्या बाजूच्या स्टँडमध्ये ढोल वाजवणारी मंडळी नऊ इनिंग थांबत नसत, त्यामुळे गणपतीत सांगलीला गेल्यासारखं वाटायचं. माझ्या मुलीला पाढ्यांच्या आधी सरासरी काढता यायला लागली ती तिथंच. मध्यंतरी मालकांनी मैदान फ्रीमाँटलाच आणायचं ठरवलं होतं. २००६ मध्ये घोषणा झाली, २००९ मध्ये बारगळली. विरोध करणाऱ्यांत आमचे शेजारी होते, ट्रॅफिक वाढेल म्हणून. त्यांच्याशी मी अजून जेवढ्यास तेवढंच बोलतो.

मग एकेक जण निघाला. बास्केटबॉलचे वॉरियर्स २०१९ मध्ये खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेले, फुटबॉलचे रेडर्स २०२० मध्ये लास व्हेगासला. ए'ज राहिले. मालक जॉन फिशर यांनी चांगले खेळाडू एकामागून एक विकले, तिकिटं महाग केली, आणि मग म्हणे ओकलंडमध्ये प्रेक्षक येत नाहीत. दुकानातला माल काढून घ्यायचा आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणून गळा काढायचा. १३ जून २०२३ ला आम्ही उलटा बहिष्कार घातला, म्हणजे ठरवून सगळ्यांनी यायचं. २७,७५९ लोक आले, हिरवे शर्ट घालून, त्यावर एकच शब्द, 'विका'. संघ विका, पण इथंच ठेवा. लीगचे कमिशनर दोन दिवसांनी म्हणाले की एका रात्रीपुरती का होईना, जवळजवळ सरासरीइतकी गर्दी झाली हे बघून बरं वाटलं. हे वाक्य मी विसरणार नाही.

नोव्हेंबरात तिसाही मालकांनी एकमतानं स्थलांतर मंजूर केलं. नेवाडा राज्य व्हेगासच्या नव्या मैदानाला ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा देणार आहे. २६ सप्टेंबर २०२४ ला शेवटचा सामना झाला. ४६,८८९ लोक होते आणि आम्ही टेक्सासला ३-२ ने हरवलं. सामना संपल्यावर मैदानावरचे कर्मचारी लोकांना मूठमूठ माती देत होते. माझ्या मुलीनं ती चिवड्याच्या रिकाम्या डब्यात भरून घेतली. तीन महिन्यांनी ए'जचा जुना खेळाडू रिकी हेंडरसन वारला. ओकलंडचाच पोरगा, १,४०६ बेस चोरणारा, त्या मैदानाला नावही त्याचंच. आता संघ सॅक्रामेंटोजवळच्या चौदा हजारांच्या छोट्या मैदानावर उपऱ्यासारखा खेळतो, आणि नावापुढे कुठल्याच गावाचं नाव लावत नाही. नुसतं 'अ‍ॅथलेटिक्स'.

आता कॉलेज फुटबॉल, म्हणजे विद्यापीठांच्या संघांचा अमेरिकन फुटबॉल. हे समजायला आपल्याला जड जातं, कारण विद्यापीठाच्या संघाचा सामना बघायला साठ हजार लोक येतात ही गोष्टच आपल्याकडे नाही. मुलगी बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकली, म्हणून आमचा संघ तिथलाच, लोकांच्या तोंडी कॅल. त्यांचं मैदान डोंगराच्या कुशीत आहे आणि वर एक टेकडी आहे जिथून सामना फुकट दिसतो. तिला इंग्रजीत जे नाव आहे त्याचं सरळ मराठी 'चिकटोबांची टेकडी'. मी तिथला जुना सभासद.

१९१५ पासून पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठं एकमेकांत खेळत होती. या गटाचं शेवटचं नाव पॅक-१२. २०२२ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसच्या दोन विद्यापीठांनी टीव्हीच्या जास्त पैशासाठी मध्य-पश्चिमेच्या गटात उडी मारली. त्यानंतर घर फिरलं की वासेही फिरतात तसं झालं. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत बारातली चारच उरली. त्यातल्या कॅल आणि स्टॅनफर्डनी कुठं आसरा घेतला? अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये! पॅसिफिकचं पाणी दिसणाऱ्या विद्यापीठानं अटलांटिक किनाऱ्याच्या स्पर्धेत खेळायचं. रत्नागिरीच्या संघाला बंगालच्या उपसागराच्या लीगमध्ये घातल्यासारखं. तेही सुरुवातीची सात वर्षं टीव्हीच्या पैशातला तीस टक्के हिस्सा घेऊन. फुटबॉलवाल्यांचं एक वेळ चालतं, पण व्हॉलीबॉलच्या पोरीही आता सामन्यांसाठी देशाच्या दुसऱ्या टोकाला विमानानं जातात आणि परत येऊन परीक्षा देतात. लॉस एंजेलिसचं सरकारी विद्यापीठ आणि कॅल एकाच संस्थेची लेकरं, म्हणून जाणाऱ्यानं मागे राहिलेल्याला वर्षाला एक कोटी डॉलर द्यावेत असं ठरलं. इथले लोक त्याला चक्क पोटगी म्हणतात.

खेळाडूंना पैसे मिळायला लागले यावर मात्र मी खूश आहे. बऱ्याच राज्यांत सगळ्यांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर फुटबॉलचा प्रशिक्षक असतो, आणि २०२१ पर्यंत त्याच मैदानावर गुडघे फोडून घेणाऱ्या मुलाला स्वतःच्या नावाचे पैसे घ्यायला बंदी होती. ते गेलं हे उत्तमच. पण त्याच वर्षी एक हंगाम घरी न बसता विद्यापीठ बदलायचीही मुभा मिळाली. कल्पना करा, आयपीएलमधला प्रत्येक खेळाडू दरवर्षी लिलावात मोकळा, आणि लिलावाला धड नियमही नाहीत.

फर्नांडो मेंडोसाचं सांगतो. मोठ्या विद्यापीठांनी ज्याच्याकडे फारसं पाहिलं नाही असा मुलगा, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा. कॅलनं त्याला घेतलं, घडवलं. २०२४ च्या नोव्हेंबरात स्टॅनफर्डविरुद्धचा सामना. हे वैर १८९२ पासूनचं, जिंकणाऱ्याला एक कुऱ्हाड मिळते. आम्ही मागे होतो, शेवटची काही मिनिटं उरली होती, चेंडू आमच्याच गोलरेषेशी. तिथून हा पोरगा संघाला ९८ यार्ड पुढे घेऊन गेला. २४-२१. टेकडीवर मी, माझी मुलगी आणि एक अनोळखी आजोबा असे तिघं रडत होतो. महिन्याभरात तो इंडियानाला निघाला. २०२५ च्या डिसेंबरमध्ये इंडियानाच्या लाल रंगात त्यानं हाइझमन ट्रॉफी घेतली, जी देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळते.

त्याच्यावर राग नाही. मीही नोकऱ्या बदलल्यात, आणि त्याच्यापेक्षा फार कमी कारणांसाठी. पण आता पुढचा मुलगा आला की टाळी वाजवताना हात थोडा आखडतो. हा किती दिवसांचा, असं वाटतं. तुमचे सहकारी "संपलं" म्हणतात ते बहुधा यालाच.

टीव्हीवर बघण्याचं तर बोलूच नका. आयोवा राज्यात आजूबाजूच्या सहा बेसबॉल संघांचे सामने 'स्थानिक' म्हणून लीगच्याच ऑनलाइन सेवेवर बंद असायचे, आणि आयोवात मोठ्या लीगचा एकही संघ नाही.

तर तुम्ही काय करायचं? सॅन फ्रान्सिस्कोचा संघ आहे, मैदान देखणं आहे, जा खुशाल. मला बोलावू नका. शरद ऋतूत शनिवारी कॅलचा सामना असेल तर टेकडीवर या, जरा लवकर, सावलीच्या जागा आधी जातात. आणि पश्चिम ओकलंडमध्ये रायमंडी पार्क नावाचं छोटं मैदान आहे. ए'ज जाणार हे ठरल्यावर तिथं ओकलंड बॉलर्स नावाचा स्वतंत्र संघ उभा राहिला, २०२४ पासून खेळतो. छोटी लीग आहे, चाहत्यांनीही त्यात थोडे थोडे पैसे घातलेत, आणि २०२५ मध्ये त्यांनी विजेतेपदही मिळवलं. कोलिसियममधले ओळखीचे चेहरे तिथं दिसतात. हंगाम मे महिन्यात सुरू होतो, बार्टच्या वेस्ट ओकलंड स्टेशनवरून चालत जाता येतं.

एक सांगून ठेवतो. बरोबरी झाली तर त्या लीगमध्ये जादा इनिंग नसते, षटकार मारायची स्पर्धा लावून निकाल काढतात. मोठ्या लीगनं जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर फुकटचा धावपटू उभा करायला सुरुवात केली तेव्हा मी आठवडाभर शिव्या घातल्या होत्या. इथं मात्र उभा राहून ओरडतो.