हुशार मुलांना व्याकरण वेगळे शिकवावे का?

आपली पाचवीतली मुलगी भरपूर वाचते आणि शुद्ध लिहिते. मग तिला व्याकरण वेगळे शिकवावे का आणि कसे, असे आपण विचारले आहे. शिकवावे, पण सुरुवात व्याख्यांपासून करू नये. मी जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा तालुक्यात मराठी शिकवतो. अशी मुले सर्वनामाची व्याख्या एका दिवसात घडाघडा म्हणतात, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत गुणही मिळवतात आणि नंतर त्या विषयाकडे ढुंकूनही पाहत नाहीत, कारण त्यात शोधण्यासारखे काही उरलेलेच नसते.

आधी वाक्ये द्यावीत. 'वादळात त्या केळी आडव्या झाल्या' आणि 'टोपलीतली ती केळी पिकली' ही दोन वाक्ये पाटीवर लिहून, शब्द एकच असताना एकीकडे 'त्या' आणि दुसरीकडे 'ती' का, एवढेच विचारावे व गप्प बसावे (शिक्षकांना हेच अवघड जाते). झाड म्हणजे केळ स्त्रीलिंगी, फळ म्हणजे केळे नपुंसकलिंगी, आणि अनेकवचन मात्र दोघांचेही केळी, हे केळीच्या बागांत वाढलेली मुले आपसांत वाद घालून शोधतात. मग सांगितलेली संज्ञा (लिंग, वचन वगैरे) पक्की बसते. ती सांगायचीच नाही, हे मात्र मला पटत नाही.

प्रयोगही, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलते की कर्माप्रमाणे हेही, असेच शिकवावेत. 'मुलाने चिंच खाल्ली' यात 'ने' दिसतो, 'मी चिंच खाल्ली' यात दिसत नाही, तरी दोन्हीकडे क्रियापद चिंचेच्याच मागे जाते. पुढे 'मला आंबा आवडतो' हे वाक्य देऊन कर्ता कोण ते विचारावे. याविषयी व्याकरणकारांतही मतभेद आहेत, हे मुलीला मोकळेपणाने सांगावे. हुशार मुलाला त्याचा आनंदच होतो.

घरी अहिराणी, म्हणजे आमच्या खानदेशातली बोली, बोलली जात असेल तर ती अशुद्ध म्हणून खोडू नये. 'मना भाऊ, मनी बहीण' आणि 'माझा भाऊ, माझी बहीण' शेजारी शेजारी लिहिले की दोन्हीकडे लिंगानुसार शेवट कसा बदलतो ते दिसते. 'पोऱ्याले' आणि 'मुलाला' यांतून विभक्ती समजते.

ऱ्हस्वदीर्घाचे प्रकरण यात मिसळू नये. शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली मंडळींनी बसून ठरवलेले आहेत, ते सरावानेच येतात. व्याकरणाला आठवड्यातून अर्धा तास पुरे आहे.